प्रोत्साहन : अर्थ, व्यवहार आणि मर्यादा

एखादे काम हाती घेण्याची, हाती घेतलेले काम नेटाने चालू ठेवण्याची किंवा एकदा फसलेले काम पुन्हा करून पाहण्याची इच्छा दुसऱ्याच्या मनात जागी व्हावी, यासाठी शब्दाने, कृतीने, मानाने किंवा पैशाने केलेला प्रयत्न म्हणजे प्रोत्साहन, अशी या शब्दाची ढोबळ व्याख्या करता येईल. या व्याख्येत देणारा, घेणारा आणि कार्य असे तीन घटक आहेत. पहिल्या दोघांकडे सर्वांचे लक्ष जाते, तिसऱ्याचा मात्र अनेकदा विसर पडतो. मराठी वाक्यात ‘प्रोत्साहन देणे’ हे क्रियापद आले की ‘कोणाला’ या प्रश्नापाठोपाठ ‘कशासाठी’ हा प्रश्न उभा राहतोच, आणि ज्या वाक्यात त्याचे उत्तर मिळत नाही ते वाक्य अपुरे वाटते. स्तुती कार्याशिवाय होऊ शकते, कारण रूपाची, कुळाची किंवा नुसत्या असण्याचीही स्तुती करता येते. प्रोत्साहनाला मात्र पुढे करायचे काहीतरी काम लागते.

शब्दाची घडण पाहिली तर ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘उत्साहन’ हे धातुसाधित नाम यांच्या संधीतून ‘प्रोत्साहन’ हा शब्द तयार होतो, आणि त्याच्या मुळाशी ‘उद्’ या उपसर्गासह आलेला ‘सह्’ हा धातू आहे. सहन करणे, टिकून राहणे, वरचढ ठरणे अशा अर्थच्छटा या धातूला असल्याने संस्कृतातील ‘उत्साह’ या शब्दात दृढ प्रयत्न आणि कामाला भिडण्याची ताकद यांचा अर्थ प्रमुख आहे. आजच्या मराठीत या शब्दाला आलेला तरतरीचा किंवा आनंदी लगबगीचा अर्थ त्या मानाने सौम्य आहे. प्रोत्साहनाचा जवळचा समानार्थी शब्द ‘उत्तेजन’. तो ‘तिज्’ म्हणजे तीक्ष्ण करणे, धार लावणे या धातूपासून येतो आणि तेज, तीक्ष्ण हे शब्दही त्याच कुळातले आहेत. विशेष म्हणजे याच धातूच्या इच्छार्थक रूपापासून ‘तितिक्षा’, म्हणजे सोसण्याची शक्ती, हा शब्द सिद्ध होतो. म्हणजे ‘सह्’ असो वा ‘तिज्’, दोन्ही शब्दांच्या मुळाशी तग धरण्याची कल्पना आहे, आणि ज्या अर्थी धार लावायची त्या अर्थी पाते आधीपासून असले पाहिजे, हे गृहीतही त्यांत दडलेले आहे.

मराठीने या मूळ अर्थाभोवती क्रियापदांची जी मांडणी केली आहे ती अधिक बोलकी आहे. प्रोत्साहन ‘देतात’ आणि ते ‘मिळते’. धीर ‘देतात’, पण तो ‘धरावा’ लागतो आणि प्रसंगी ‘सुटतो’. हिंमत ‘बांधावी’ लागते, उमेद ‘धरली’ जाते आणि ‘खचते’. हुरूप मात्र सहसा कोणी कोणाला देत नाही, तो ‘येतो’. या क्रियापदांवरून असे दिसते की देणाऱ्याच्या हाती असलेला भाग आणि घेणाऱ्याच्या आत घडणारा भाग भाषेने वेगळा ठेवला आहे. प्रोत्साहन ही देणाऱ्याची कृती असून हुरूप हा घेणाऱ्याच्या मनातील परिणाम आहे, आणि पहिल्यातून दुसरा दर वेळी निघतोच असे नाही. प्रोत्साहनाविषयी जे काही महत्त्वाचे सांगण्यासारखे आहे, ते बहुतेक या दोहोंमधील अंतराविषयीच आहे.

शेजारचे शब्द

प्रोत्साहनाचा अर्थ नेमका करायचा तर त्याच्या शेजारच्या शब्दांपासून तो वेगळा काढावा लागतो. सांत्वनाचा विषय झालेले नुकसान हा असतो, स्तुतीचा विषय झालेली चांगली गोष्ट हा असतो, तर प्रोत्साहनाची नजर अजून न झालेल्या गोष्टीकडे असते. शाबासकी स्तुती आणि प्रोत्साहन यांच्या मधोमध उभी आहे: ‘शाबास’ हा शब्द फारसीतील ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’, या आशीर्वचनावरून आला आणि केलेल्या कामाची पावती म्हणून तो उच्चारला जातो, पण पाठीवर पडलेली थाप पुढच्या कामालाही बळ देत असल्याने व्यवहारात तो प्रोत्साहनाचेही काम करतो. कुस्तीच्या मैदानात हलगीचा ठेका वाढतो, प्रेक्षकांतून नावाचा पुकारा होतो आणि रंगलेल्या जोडीवर कोणीतरी जादा इनाम जाहीर करतो, तेव्हा झालेल्या डावाची दाद आणि पुढच्या डावाची ईर्षा एकाच क्षणी दिली जात असते, आणि दोहोंमधील सीमारेषा काढणे अवघड होते.

काही शब्द बाहेरून प्रोत्साहनासारखे दिसत असले तरी त्यांचा हेतू वेगळा असतो. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ या वाक्प्रचारात खोट्या स्तुतीने फुगवण्याची क्रिया आहे, आणि हरभऱ्याचे रोप कोणाचेही वजन पेलू शकत नाही ही गोष्ट ऐकणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. ‘भरीस घालणे’ म्हणजे एखाद्याला त्याच्या विवेकाविरुद्ध एखाद्या खटाटोपात ढकलणे आणि बहुधा स्वतः बाजूला राहणे. ‘फूस लावणे’ म्हणजे छुपेपणाने वाईट कामाला प्रवृत्त करणे. ‘चिथावणे’ म्हणजे राग किंवा द्वेष भडकवून कृती घडवून आणणे. या सर्व क्रियांत दुसऱ्याची कृतिशक्ती जागवण्याचे तंत्र प्रोत्साहनासारखेच आहे, फरक आहे तो कार्याच्या योग्यायोग्यतेचा आणि परिणाम कोणाला भोगावे लागतात याचा. म्हणूनच ‘गुन्ह्याला प्रोत्साहन दिले’ असे वाक्य मराठीत व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि वर्तमानपत्रांत आढळतेही.

कायद्याने हा फरक अधिक काटेकोरपणे नोंदवला आहे. भारतीय दंड संहितेच्या १०७ व्या कलमात आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ४५ व्या कलमात ‘अपप्रेरणा’ या संज्ञेची व्याख्या असून एखादे कृत्य करण्यास चिथावणी देणे, त्यासाठीच्या कटात सामील होणे किंवा त्याला हेतुपुरस्सर साहाय्य करणे असे तिचे तीन प्रकार मानले आहेत. ‘प्रेरणा’ या चांगल्या शब्दाला ‘अप’ हा उपसर्ग लावून मराठी विधिभाषेने तयार केलेली ही संज्ञा असे सुचवते की दुसऱ्याच्या इच्छेला चालना देणारा माणूस, ते कृत्य स्वतः न करता, त्याच्या जबाबदारीत वाटेकरी होतो. हे तत्त्व चांगल्या कामालाही लागू होते: जो प्रोत्साहन देतो त्याने परिणामांचा काही भाग आपल्या शिरावर घेतलेला असतो.

प्राचीन वाङ्मयातील विचार

भारतीय परंपरेत उत्साहाचा विचार शास्त्रांतही आला आणि कथांतही. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाच्या मुळाशी एक स्थायीभाव, म्हणजे मनात टिकून राहणारी मूळ वृत्ती, मानली आहे, आणि वीररसाचा स्थायीभाव म्हणून क्रोधाऐवजी उत्साहाची निवड केली आहे. क्रोध रौद्ररसाकडे गेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: ज्ञानाच्या बळावर उभी असलेली मंत्रशक्ती, कोश आणि सैन्य यांची प्रभुशक्ती आणि पराक्रमाची उत्साहशक्ती. पूर्वीचे आचार्य उत्साहाला प्रभावापेक्षा, म्हणजे साधनसंपत्तीच्या बळापेक्षा, श्रेष्ठ मानत असले तरी कौटिल्य हे मत खोडून काढतो आणि प्रभाव उत्साहाहून, तर मंत्र प्रभावाहून श्रेष्ठ ठरवतो. साधने आणि विचार यांच्याविना नुसती ईर्षा फार दूर नेत नाही, हा त्याचा निष्कर्ष प्रोत्साहनाच्या पुढील इतिहासातही वारंवार खरा ठरलेला दिसतो.

प्रोत्साहनाचे प्रसिद्ध उदाहरण वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडाच्या शेवटी येते. सीतेच्या शोधार्थ निघालेले वानर समुद्रकाठी हताश होऊन बसतात, शंभर योजनांचे अंतर कोण उडी मारून पार करील याची चर्चा सुरू होते, कोणी दहा योजने तर कोणी वीस योजने अशी आपापली मर्यादा सांगतो, आणि अंगदालाही जाता येईल पण परतता येईल की नाही याची खात्री वाटत नाही. अशा वेळी जांबवान बाजूला गप्प बसलेल्या हनुमंताकडे वळतो आणि त्याला त्याच्या जन्माची, वायुपुत्र असल्याची आणि बालपणी सूर्याकडे झेपावल्याची हकिकत सांगतो. ‘तू हे करू शकतोस’ एवढे म्हणून जांबवान थांबत नाही. हनुमंत करू शकतो असे मानायला आधार काय, हे तो एकेक प्रसंग सांगून दाखवतो. ऋषींच्या शापामुळे हनुमंताला स्वतःच्या बळाचा विसर पडला होता आणि कोणी आठवण दिल्यावरच ते त्याला उमगणार होते, असे स्पष्टीकरण उत्तरकांडात दिले आहे. त्यानुसार जांबवानाचे काम नवे बळ देण्याचे नव्हते, आठवण देण्याचे होते.

महाभारताच्या उद्योगपर्वातील विदुलेची कथा या विषयासाठी अधिक मार्मिक आहे. कृष्ण शिष्टाई करून हस्तिनापुराहून निघतो तेव्हा कुंती पांडवांसाठी निरोप म्हणून ही कथा सांगते. सिंधुराजाकडून पराभूत होऊन खचून पडलेल्या संजय नावाच्या राजपुत्राला त्याची आई विदुला कठोर शब्दांत झाडते, पराभव मान्य करून जगण्यातील लाजिरवाणेपणा दाखवते आणि लढायला उठवते. तिच्या भाषणात गोडवा जवळजवळ नाही, तरीही परंपरेने ते उत्साह वाढवणारे आख्यान मानले. परंतु कथेचा कळीचा भाग पुढे आहे: आपल्याजवळ कोशही नाही आणि मित्रही नाहीत, मग विजय कसा मिळवावा, असे मुलगा विचारतो, तेव्हा ती त्याला ठाऊक नसलेल्या मोठ्या धनसंचयाची माहिती देते आणि सुखदुःखात साथ देणारे स्नेही त्याला अजून आहेत असे सांगते. शब्दांनी उठवलेल्या माणसाच्या हाती लगेच साधने द्यायची असतात, हे या आख्यानाने ओळखले आहे.

याच ग्रंथात उलट्या दिशेचा प्रयोगही आहे. शल्य कौरवांच्या बाजूने लढणार असे ठरल्यावर, कर्णाचे सारथ्य करताना त्याचा तेजोवध करावा असे वचन युधिष्ठिर शल्याकडून घेतो, आणि कर्णपर्वात शल्य ते पाळतो: उष्ट्यावर पोसलेला एक कावळा आपल्या उडण्याच्या नाना प्रकारांची बढाई मारत हंसाशी पैज लावतो आणि समुद्रावर थकून कोसळतो, अशी गोष्ट तो कर्णाला ऐन युद्धाच्या तोंडावर ऐकवतो. मराठीत आजही रोजच्या वापरात असलेला ‘तेजोवध’ हा शब्द उत्तेजनाचा नेमका विरुद्धार्थी आहे, कारण तेच तेज एकाने वाढवायचे आणि दुसऱ्याने मारायचे असते. शल्याच्या शस्त्राचे वैशिष्ट्य असे की तो कर्णाचा एकही बाण काढून घेत नाही; केवळ योग्य वेळी बोललेले शब्द त्याला पुरतात.

दक्षिणेकडून पारितोषिकाकडे

महाराष्ट्रात प्रोत्साहनाला संस्थेचे रूप कसे आले, याचा एक धागा पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेपर्यंत मागे नेता येतो. सेनापती दाभाडे यांनी तळेगाव येथे सुरू केलेला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा परिपाठ पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवला आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात त्याचे वाटप होऊ लागले. पेशवाई संपल्यावर ब्रिटिश प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ही प्रथा एकदम मोडली नाही. तिच्या रकमेतला काही भाग १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवण्यात आला. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिणेच्या रकमेतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असा अर्ज सरकारकडे केला, त्यावर पुण्याच्या जुन्या मंडळींनी मोठे वादळ उठवले आणि अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले यांना आपली माणसे घेऊन उभे राहावे लागले. पुढे स्थापन झालेल्या दक्षिणा प्राइज कमिटीच्या रूपाने ही कल्पना प्रत्यक्षात आली.

या बदलाचे महत्त्व रकमेपेक्षा तत्त्वात आहे. दक्षिणा ही व्यक्तीच्या जातीला आणि तिने आधी मिळवलेल्या विद्येला दिली जात होती, तर पारितोषिक नव्याने लिहिल्या जाणाऱ्या ग्रंथासाठी होते आणि तत्त्वतः कोणालाही खुले होते. पण ‘तत्त्वतः’ हा शब्द येथे जपून वाचावा लागतो. फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीपुढे ठेवले आणि ते नामंजूर झाले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी या नकाराचे कारण म्हणून कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहाकडे बोट दाखवले आहे. उत्तेजन देणारी समिती कोणाच्या हाती आहे यावर उत्तेजन कोणाला मिळणार हे अवलंबून असते, याची इतकी लवकर आणि इतकी स्पष्ट नोंद दुसरीकडे सहज सापडणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘उत्तेजक’ हा शब्द पश्चिम भारतातील सार्वजनिक संस्थांच्या नावांतून जागोजागी दिसू लागतो. मुंबईत कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० साली ‘गायन उत्तेजक मंडळी’ निघाली; पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या ग्रंथप्रसाराच्या प्रयत्नांतून मे १८७८ मध्ये ग्रंथकारांचे जे संमेलन भरले ते आज पहिले मराठी साहित्य संमेलन मानले जाते; १८७५ साली रानडे यांच्याच प्रेरणेने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला पुण्याची वक्तृत्वोत्तेजक सभा आजही भरवते. या नावांवरून आणि उपक्रमांवरून असे दिसते की गायन, ग्रंथलेखन, वक्तृत्व या कला समाजात आहेत, फक्त त्यांना जमीन, श्रोते आणि द्रव्य मिळवून द्यायचे आहे, अशी त्या पिढीची समजूत होती. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुले यांनी नाकारले, आणि तेही याच समजुतीतील उणिवेवर बोट ठेवून: ज्यांच्या हक्कांचा विचारच सभेत होत नाही त्यांना त्या सभेच्या उत्तेजनाचा उपयोग काय, असा त्यांच्या पत्राचा रोख होता.

फुले यांचा आक्षेप प्रोत्साहन या कल्पनेलाच होता असे मात्र नाही. १८८२ साली शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी शिक्षणापासून दूर राहिलेल्या जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, म्हणजे पालक मुलांना शाळेत पाठवतील आणि मुलांना शिक्षणाची गोडी लागेल, अशी सूचना केली. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशीही मागणी होती. आमिष, सक्ती आणि गोडी या तीन गोष्टींचा परस्परसंबंध त्यांनी ज्या क्रमाने मांडला त्यात बक्षीस हे साधन आहे आणि गोडी हे साध्य.

कृतीतून दिलेल्या प्रोत्साहनाचे ठळक उदाहरण कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या चरित्रात आहे. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यायला गावातले कोणी येणार नाही हे उघड होते, म्हणून महाराज फेरफटक्याला निघाले की स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. हे नुसत्या भांडवलाने साधले नसते आणि नुसत्या कौतुकानेही साधले नसते. ज्या अडथळ्यामुळे कांबळे यांचे कष्ट वाया गेले असते, तो अडथळा महाराजांनी आपल्या प्रतिष्ठेचे वजन वापरून दूर सारला.

घरातील प्रोत्साहन आणि त्याची काटेरी कडा

संस्थांच्या बरोबरीने घर हे प्रोत्साहनाचे, आणि नाउमेद करण्याचेही, मोठे क्षेत्र राहिले आहे. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात दोन्ही अनुभव शेजारी शेजारी नोंदवले आहेत: १८७३ साली लग्न होऊन आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुलीला नवरा नेमाने शिकवू लागतो आणि त्याच घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्याच गोष्टीसाठी तिला टोमणे मारतात. नवऱ्याच्या, म्हणजे न्यायमूर्ती रानडे यांच्या, वागण्यात लक्षात राहण्याजोगे आहे ते त्यांचे सातत्य आणि आवाज न चढवण्याची सवय. पुढे पुण्याच्या सेवासदन या संस्थेचा कारभार रमाबाईंनी रानडे यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षे समर्थपणे चालवला.

आनंदीबाई जोशी यांची हकिकत याच काळातली असूनही वेगळ्या वळणाची आहे. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या आनंदीबाईंच्या शिक्षणामागे पती गोपाळराव यांचा हट्ट होता यात शंका नाही. पण अभ्यासात कुचराई झाली म्हणून त्यांना मार खावा लागल्याचे उल्लेखही चरित्रांत आहेत. परिणाम उज्ज्वल निघाला म्हणून साधनांना प्रोत्साहन म्हणता येईल का, हा प्रश्न या उदाहरणाने पुढे येतो, आणि त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. भीतीनेही काम होते, कधी कधी थोर कामही होते, परंतु त्याला सक्ती म्हणावे, कारण प्रोत्साहनात नकार देण्याची मोकळीक घेणाऱ्याकडे शिल्लक असते.

मानसशास्त्राचे निष्कर्ष

विसाव्या शतकात हा विषय प्रयोगशाळेत गेला. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी मुलांच्या अनेक वर्तनदोषांचे मूळ खचलेपणात शोधले, आणि त्यांचे अनुयायी रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी स्तुती आणि प्रोत्साहन यांत स्पष्ट भेद केला: स्तुती यशाला आणि व्यक्तीला उद्देशून असते, तर प्रोत्साहन प्रयत्नाला आणि सुधारणेला उद्देशून असल्याने अपयशाच्या वेळीही देता येते. पहिला आलेल्या विद्यार्थ्याचीच स्तुती होऊ शकते, पण गेल्या परीक्षेपेक्षा या वेळी गणिताच्या पायऱ्या नीट मांडणाऱ्या आणि तरीही नापास झालेल्या मुलाला शिक्षक ती सुधारणा दाखवून देऊ शकतो.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात फार गाजला. बालवाडीतील चित्रे काढायची मुळात आवड असलेल्या मुलांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले, दुसऱ्याला ते न सांगता नंतर दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत रंगीत पेने समोर ठेवली तेव्हा पहिल्या गटातील मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली. अनपेक्षित बक्षिसाने आवड कमी झाली नाही. कबूल केलेल्या बक्षिसाने मात्र, आपण हे बक्षिसासाठी करतो, अशी मुलांची स्वतःविषयीची समजूत बनली असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला. अर्थात हा निष्कर्ष आधीच आवडणाऱ्या कामापुरता आहे; ज्या कामाची गोडी अजून लागलेलीच नाही तेथे बक्षिसाने सुरुवात करून देता येते, आणि फुले यांची शिष्यवृत्त्यांची सूचना नेमकी अशाच परिस्थितीसाठी होती.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली दाखवून दिले की कौतुकाचे शब्द कोणत्या गोष्टीला चिकटतात यावर बरेच अवलंबून असते. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या हुशारीचे, तर काहींच्या मेहनतीचे कौतुक करण्यात आले. नंतर मुद्दाम अवघड कोडी देऊन अपयशाचा अनुभव दिल्यावर हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांची चिकाटी आणि कामगिरी घसरली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना ते वाढवून सांगण्याकडेही त्यांचा कल अधिक होता. ज्याला हुशार म्हटले गेले त्याला अपयश आले की हुशार असण्याचा दाखलाच हातचा जातो, तर ज्याच्या मेहनतीचे कौतुक झाले त्याला अपयशानंतर काय करावे हे माहीत असते.

आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या ‘स्वकार्यक्षमता’ या संकल्पनेने, म्हणजे अमुक काम आपल्याच्याने होईल या विश्वासाच्या विचाराने, शब्दांच्या सामर्थ्याला त्याची योग्य जागा नेमून दिली. हा विश्वास चार मार्गांनी येतो: स्वतः मिळवलेल्या यशातून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला यशस्वी होताना पाहण्यातून, इतरांच्या समजावण्यातून आणि आपल्या शरीर-मनाच्या अवस्थेतून. यांत पहिला मार्ग सर्वांत बळकट आणि केवळ शब्दांनी समजावण्याचा मार्ग त्या मानाने दुबळा ठरतो, कारण प्रत्यक्ष अनुभवाने शब्द खोटे ठरवले की विश्वास पुन्हा ढासळतो. म्हणून कुशल शिक्षक किंवा वस्ताद नुसते बोलत नाही; तो शिकणाऱ्याच्या आवाक्यातले, पण थोडे ताण देणारे काम निवडतो आणि पहिले यश लवकर पदरात पडेल अशी व्यवस्था करतो.

शासनाच्या भाषेतील प्रोत्साहन

आधुनिक मराठीत या शब्दाचा मोठा वापर सरकारी कागदपत्रांत आढळतो आणि तेथे त्याला जवळजवळ केवळ आर्थिक अर्थ आला आहे. मागास भागांत उद्योग जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ पासून राबवलेली सामूहिक प्रोत्साहन योजना, कर्ज नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्यांना दिला गेलेला प्रोत्साहनपर लाभ, आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्यांना मिळणारे अर्थसाहाय्य किंवा कारखान्यातील प्रोत्साहन भत्ता यांत कोणाच्या मनोधैर्याचा प्रश्न फारसा नसतो. अमुक केले तर अमुक रक्कम मिळेल असा तो करार असतो. महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या आरंभी दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तेव्हा ती रक्कम मजुरीची भरपाई करण्याइतकी नव्हती, पण मुलीच्या शाळेत जाण्याला घराच्या हिशेबात एक जागा देण्याचे काम तिने केले. भाव वाढत गेले आणि रुपया रुपयाच राहिला, तेव्हा मात्र तेवढेही मोल उरले नाही. वेळोवेळी न वाढवलेले आर्थिक प्रोत्साहन कागदावर चालू राहून व्यवहारात बंद पडते.

शब्दप्रयोगाच्या दृष्टीने आणखी एक बदल नोंदवण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात संस्थांच्या नावात मानाने मिरवणारा ‘उत्तेजक’ हा शब्द आज उत्तेजक द्रव्ये आणि खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्या यांच्या बातम्यांत प्रामुख्याने भेटतो, ‘उत्तेजित’ या रूपाला शारीरिक छटा आली आहे, आणि त्यामुळे सभ्य व्यवहारातील पूर्वीचे बरेचसे काम ‘प्रोत्साहन’ आणि ‘प्रेरणा’ या शब्दांकडे गेले आहे. यांतही भेद पाळणे इष्ट ठरते: प्रेरणा एखाद्या मृत व्यक्तीच्या चरित्रातून, डोंगरातून किंवा ग्रंथातूनही मिळू शकते, पण प्रोत्साहन देणाऱ्याला घेणारा माहीत असावा लागतो. ‘टिळकांच्या चरित्राने त्याला प्रोत्साहन दिले’ यापेक्षा ‘प्रेरणा दिली’ हेच योग्य.

जुना शब्द त्याच्या मूळ अर्थानिशी टिकून आहे तो निबंध, वक्तृत्व, एकांकिका आणि रांगोळी यांच्या स्पर्धांत. पहिल्या तीन क्रमांकांनंतर जाहीर होणारे उत्तेजनार्थ पारितोषिक हे बहुधा चौथ्या क्रमांकाची समजूत घालणारे बक्षीस समजले जाते आणि ते स्वीकारणाऱ्याच्या चेहऱ्यावरही बऱ्याचदा तीच समजूत उमटलेली असते. वास्तविक पहिली तीन पारितोषिके सादर झालेल्या कामासाठी असतात, आणि हे एकच पारितोषिक, त्याच्या नावाप्रमाणे, पुढच्या कामासाठी दिलेले असते. हा अर्थ खरा करायचा असेल तर प्रमाणपत्रासोबत परीक्षकाने स्पर्धकाला कोणती गोष्ट साधली आणि पुढच्या वेळी कोणती साधायची राहिली, हे दोन ओळींत लिहून द्यावे. तेवढ्याने त्याला पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवायला कारण मिळते, आणि ते नोंदवायचे की नाही हे ठरवण्याची मोकळीकही त्याच्याकडेच राहते.